काटा आणि चीक

मराठीत 'निवडुंग' हा शब्द फार उदार आहे. माळावरचा फड्या निवडुंग, कुंपणाचा त्रिधारी निवडुंग, दिवाणखान्यातील चिमुकला कॅक्टस, सारेच त्यात सुखाने नांदतात. वस्तुतः त्यांची गोत्रे भिन्न. फड्या हा खरा कॅक्टस. आपल्या माळरानांवर कितीही रुळला असला तरी मूळचा अमेरिका खंडातला. त्रिधारी आणि शेर हे युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. आम्हां इंदूरकरांना येथे शेजारची हिंदी उपयोगी पडते. ती फड्याला नागफनी म्हणते आणि त्रिधारीला थूहर. हिंदीच्या सहवासाने आमची मराठी बिघडते, अशी तक्रार आमच्या मंडळात नेहमी होते. या एका जागी तरी त्या सहवासाने आमच्यावर उपकारच केले आहेत.

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, तेव्हा हा भेद आम्हांला नीट पाहावा लागला. चप्पल आणि कुंडी यांत पिल्लू फरक करीत नाही. 'निवडुंग आधी बाहेर काढा,' असा आप्तांचा एकमुखी सल्ला होता आणि प्रत्येकाचे बोट काट्यांकडे होते. आमच्या मते काटा हा येथे दुय्यम आरोपी आहे.

कुंडीत लावले जाणारे खरे कॅक्टस बहुतांशी विषारी नसतात. ख्रिसमस कॅक्टसला तर बोचणारे काटेही नाहीत. त्याचे दोन तुकडे पोटात गेले तर फार तर ओकारी होते. त्रिधारी वा शेर मोडला की मात्र दुधासारखा चीक येतो. तो तोंडाला लागला की लाळ गळते, तोंडाची आग होते, ओकाऱ्या होतात. डोळ्यात गेला तर इजा गंभीर असते. आयुर्वेदाने स्नुहीची गणना तीक्ष्ण विरेचनांत केली, ती उगीच नव्हे. गंमत अशी, की शेराला काटे नसतात. रोपवाटिकेत तो 'पेन्सिल कॅक्टस' या गोंडस नावाने मिळतो आणि निरुपद्रवी समजून घरात मानाने ठेवला जातो. आमच्याकडची ती कुंडी आता गच्चीवर आहे. कोरफडही उंच टांगली. माणसांच्या या जुन्या औषधाने कुत्र्याला ओकाऱ्या व जुलाब होतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लहानशा लवदार गादीतून झुपक्याने निघतात. त्रिधारीचे काटे धारेवर जोडीजोडीने असतात. रंगीत गोळा ज्या तिधारी हिरव्या दांड्यावर कलम केलेला असतो, तो दांडा मात्र बहुधा कॅक्टसच असतो.

काट्यांना अगदीच निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. फड्याच्या जातीतले काही शोभेचे निवडुंग मखमली दिसतात. ती मखमल म्हणजे केसासारखे असंख्य आकडेदार काटे. ते पंजात शिरतात आणि कुत्रे पंजा चाटू लागले की जिभेत जातात. मोठे काटे चिमट्याने उपटावेत. जिभेतले व घशातले काटे डॉक्टरांवर सोपवावेत. चीक डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा आणि विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. त्यांना 'निवडुंग खाल्ले' एवढेच सांगू नये. झाडाला चीक होता की नव्हता, हे सांगावे आणि मोडलेला तुकडा, हात जपून, पिशवीत घालून सोबत न्यावा.