सहीच्या मागचे शिक्षण

आरसीसी इमारतीच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असते. सही करणारा पुढे गाव बदलतो, नोकरी बदलतो, निवृत्त होतो. इमारत मात्र पन्नास-साठ वर्षे उभी राहावी अशी अपेक्षा असते आणि त्या सहीच्या भरवशावर माणसे आयुष्यभराची कमाई तिच्यात घालतात. इमारतींचे संरचनात्मक आराखडे तपासणे आणि नोकरी-व्यवसायात असलेल्या अभियंत्यांना शिकवणे हे माझे काम आहे. या कामातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. पदवीनंतरचे शिक्षण ही अभियंत्याची खासगी बाब आहे, ज्याला पुढे जायचे त्याने रात्री, रविवारी आणि पदरचे पैसे घालून ते करावे, अशी जी आपली रीत पडली आहे, ती चुकीची आहे. हे शिक्षण कामाचाच भाग आहे. त्याचा वेळ कामाच्या वेळात आणि त्याचा खर्च कामाच्या खर्चात धरला गेला पाहिजे.

याचे कारण या व्यवसायाच्या स्वभावात आहे. भाजीत मीठ कमी पडले तर पहिल्याच घासाला कळते आणि दुसऱ्या दिवशी हात सुधारतो. बांधकामात चूक आणि तिचा परिणाम यांच्यात अनेक वर्षे जातात. सळईवरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, कमी पडले तर स्लॅब भरल्यानंतर ते कोणालाच दिसत नाही. ओल आणि खारी हवा सळईपर्यंत पोचायला, सळई गंजून फुगायला आणि काँक्रीटचे पोपडे सुटायला मोठा काळ लागतो. तोवर साइट इंजिनिअर पुढच्या तीन-चार साइटवर काम करून मोकळा झालेला असतो, आणि तिथेही त्याने कव्हर ब्लॉक त्याच सवयीने बसवलेले असतात. कॉलमच्या रिंगचे हूक नीट आत वळवले नाहीत, तर मोठा भूकंप होईपर्यंत त्या चुकीचा पुरावाच मिळत नाही, आणि असा भूकंप एखाद्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत कदाचित होणारही नाही. म्हणून ‘इतकी वर्षे असेच करतो, काही झाले नाही’ हा साइटवर वारंवार ऐकू येणारा दाखला मला सर्वांत कमकुवत वाटतो. अनुभव शिकवतो हे खरे, पण रोज घडणाऱ्या गोष्टीच तो चांगल्या शिकवतो. क्वचित घडणाऱ्या आणि उशिरा उघड होणाऱ्या गोष्टी अभियंत्याला इतरांच्या अनुभवातूनच शिकाव्या लागतात.

इतरांचा हा अनुभव मानकांमध्ये साठवलेला असतो, आणि मानके बदलत राहतात. आरसीसीच्या कामाचा पाया असलेले आयएस ४५६ हे मानक १९५३ मध्ये आले. १९७८ च्या आवृत्तीत मर्यादा-अवस्थेची, म्हणजे लिमिट स्टेटची, पद्धत आली आणि गणिताची सगळी बैठक बदलली. जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीवर पदवी घेतलेल्यांना आपला विषय पुन्हा शिकणे भाग होते. २००० च्या आवृत्तीने भर टिकाऊपणावर दिला. आरसीसीसाठी किमान प्रत एम १५ वरून एम २० झाली आणि परिसराचे सौम्य ते अतितीव्र असे पाच वर्ग ठरवून प्रत्येकासाठी काँक्रीटची प्रत आणि कव्हर सांगितले गेले. किनाऱ्यावरच्या हवेत उघडे राहणारे काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते. तिथे किमान एम ३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागते. याचा अर्थ असा की सोलापुरातल्या कामाची सवय घेऊन मालवणात किंवा पणजीत इमारत बांधता येत नाही. हा फरक ज्याला कोणी शिकवलाच नाही, त्याच्या हातून घडणारी चूक निष्काळजीपणाची नसते. ती व्यवस्थेची असते.

भूकंपाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असताना ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, आणि १९७० मध्ये आयएस १८९३ या मानकातला देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला गेला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, तेव्हा ते गाव नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. तिथे पडलेली घरे दगडमातीची होती आणि ती अभियंत्यांनी बांधलेली नव्हती, हे मान्य. पण नकाशावरचा निर्धास्तपणा तज्ज्ञांचाच होता. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली आरसीसी इमारती पाडल्या. खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही आपल्या शहरांत सर्रास दिसणारी रचना किती धोक्याची ठरू शकते, हे तिथे उघड झाले. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्र नकाशावरून काढून टाकले गेले. रिंगचा हूक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रोवावा असे सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ चे, आणि २०१६ मध्ये तेही सुधारले गेले. २००२ च्या त्या नकाशात मुंबई-पुणे तिसऱ्या क्षेत्रात आणि कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात असल्यामुळे हा हूक आपल्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. १९९० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अभियंत्याच्या अभ्यासक्रमात हे मानक असणे शक्यच नव्हते.

हे केवळ बांधकामाचे नाही. १ एप्रिल २०२० पासून देशातल्या नव्या वाहनांनी धूर-प्रदूषणाच्या बीएस ४ या मानकावरून पाचवा टप्पा ओलांडून थेट बीएस ६ वर उडी घेतली, आणि पिंपरी-चाकण पट्ट्यात इंजिनावर काम करणाऱ्यांना धूर शुद्ध करण्याचे तंत्र नव्याने शिकावे लागले. पाठोपाठ विजेची वाहने आली आणि त्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे नियम २०२२ मध्ये कडक झाले. ज्ञान जुने होण्याचा वेग शाखेशाखेत वेगळा असेल. पण जुने न होणारे ज्ञान घेऊन कोणत्याही शाखेचा अभियंता बाहेर पडत नाही.

मग शिकण्याच्या सोयी नाहीत का? भरपूर आहेत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएलचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०१४ पासून घरबसल्या करता येतात. ऐकणे फुकट आहे आणि परीक्षेची फी माफक आहे. २०१७ पासून केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. पाणी आणि बांधकाम खात्यांतल्या अभियंत्यांसाठी नाशिकची ‘मेटा’ प्रबोधिनी, रेल्वेसाठी पुण्याची १९५९ पासूनची ‘इरिसेन’, वाहन उद्योगासाठी पुण्यातलीच ‘एआरएआय’, हैदराबादचे इंजिनिअरिंग स्टाफ कॉलेज, आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची गावोगावची केंद्रे, हे सगळे उभे आहे. भूजनंतर केंद्र सरकारने भूकंपसुरक्षेसाठी दहा हजार अभियंत्यांना प्रशिक्षण देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आखला होता. अभ्यासक्रमांची टंचाई ही आपली अडचण नाही. अडचण तीन गोष्टींची आहे: शिकायला वेळ, काम तपासणारा ज्येष्ठ आणि शिकल्याची दखल.

वेळेचा प्रश्न आधी घेऊ. स्लॅब भरण्याच्या दिवशी साइट इंजिनिअर सकाळी येतो आणि शेवटची मिक्सर गाडी रिकामी झाल्यावर, बरेचदा रात्री, घरी जातो. आठ किंवा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम त्याने उरलेल्या वेळात करायचा म्हणजे झोपेतून वेळ काढायचा. जिच्यावर घराचीही जबाबदारी आहे, त्या अभियंता स्त्रीकडे तर असा उरलेला वेळच नसतो. बाळंतपणानंतर परतताना बदललेली मानके समजून घेण्याची तिला सर्वाधिक गरज असते आणि तेव्हाच संधी सर्वांत कमी मिळते. शिक्षण फावल्या वेळावर सोडले की ज्याच्याकडे फावला वेळ आहे तोच पुढे जातो. गुणवत्ता निवडण्याची ही पद्धत असू शकत नाही.

दुसरी गोष्ट ज्येष्ठाची. अभ्यासक्रम कलम शिकवतो. ते कलम समोरच्या इमारतीला कसे लागू करायचे हे काम तपासून घेतानाच कळते. आज मॉडेल संगणकात घातले की सळ्यांचे तक्ते काही मिनिटांत बाहेर येतात. कॉलमचा पाया पक्का धरला की ढिला, जमीन कोणत्या प्रकारची मानली, पार्किंगच्या मजल्याचा मऊपणा हिशेबात घेतला का, हे प्रश्न सॉफ्टवेअर स्वतःहून विचारत नाही. ते समोर बसून कोणीतरी विचारावे लागतात. १८१८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या रचनेत नवा पदवीधर मान्यताप्राप्त ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम करतो, काय शिकला याची नोंद ठेवतो आणि शेवटी आपल्याच कामावर प्रश्नोत्तरे देऊन सनद मिळवतो. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि १९७३ पासून पदवीधर अभियंतेही त्यात येतात. ती चांगली सुरुवात आहे. पण ती एका वर्षात संपते आणि त्या वर्षात उमेदवाराला शिकवणारे कोणी लाभेल की नाही हे बरेचसे नशिबावर राहते.

तिसरी गोष्ट दखलेची. महाराष्ट्रात डॉक्टरला पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना निरंतर शिक्षणाच्या ३० श्रेयांकांचा हिशेब द्यावा लागतो. व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाला तीन वर्षांत १२० तास दाखवावे लागतात. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. पूल, धरणे आणि इमारती उभ्या करणाऱ्या अभियंत्यासाठी मात्र अशी देशव्यापी, बंधनकारक नोंदणी नाही. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला; त्या चौकटीत आयुष्यभर शिकत राहण्याची क्षमता पदवीधराच्या अंगी असावी असे लिहिले आहे. कॉलेजच्या फाटकाबाहेर ती क्षमता कोणी विचारत नाही.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला मालकांचा: शिकवून तयार केलेला माणूस जास्त पगारावर दुसरीकडे जातो. जातो हे खरे. पण न शिकवलेला माणूस राहतो, आणि त्याच्या चुकाही आपल्याकडेच राहतात. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला संरचनात्मक दोष विकासकाला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. शिवाय ही अडचण एकेकट्याने खर्च केला तरच उरते. कामगार कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसवला आणि सगळ्यांनी मिळून निधी उभा करता येतो हे दाखवून दिले. तो पैसा कामगारांचाच राहिला पाहिजे. पण त्याच धर्तीवर अभियंत्यांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र, छोटी तरतूद करता येईल. सगळ्यांनीच शिकवले तर आपल्याकडून गेलेल्याच्या जागी दुसरीकडून शिकूनच कोणी येतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: सक्ती केली की तास भरण्याचा उपचार उरेल, हॉटेलातल्या परिसंवादाला हजेरी लागेल आणि प्रमाणपत्र हातात पडेल. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच नुसते तास मोजण्याला माझा विरोध आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेकडच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अभियंत्याने गेल्या काही वर्षांतले स्वतःचे एक काम दोन ज्येष्ठांपुढे मांडावे आणि मानकांत झालेल्या बदलांचा त्यात काय परिणाम झाला हे सांगावे. तासभराची अशी चर्चा हजेरीपटापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाईल. तिसरा आक्षेप छोट्या कार्यालयांचा आहे: चार माणसांच्या कचेरीला हे परवडायचे कसे? त्यांनी एकमेकांचे आराखडे तपासावेत. तालुक्याच्या गावातली तीन-चार कार्यालये महिन्यातून एकदा एकत्र बसली तर त्याला वेळेशिवाय फारसा खर्च येत नाही आणि एकट्याने काम करणाऱ्याला जे कधी मिळत नाही, ते दुसऱ्याचे डोळे मिळतात.

सुरुवात कुठून करायची हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक कार्यालयाने आणि कंत्राटदाराने आठवड्याचे दोन तास कामाच्या वेळात शिक्षणासाठी राखावेत आणि त्या वेळी चालू कामाचाच आराखडा समोर ठेवावा. सार्वजनिक कामांच्या निविदांत साइटवरच्या अभियंत्यांच्या प्रशिक्षणाची वेगळी बाब असावी, म्हणजे कमी दराच्या स्पर्धेत तिच्यावर पहिली कात्री चालणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी परवान्याच्या नूतनीकरणाला कामाच्या तपासणीची जोड द्यावी. आणि चुकांची नोंद उघड व्हावी. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘क्रॉस’ नावाची यंत्रणा संरचनांतले दोष आणि थोडक्यात टळलेले अपघात गोपनीयपणे कळवून घेते आणि नावे न देता त्यातले धडे प्रसिद्ध करते. आपल्याकडे इमारत पडली की गुन्हा दाखल होतो, समिती बसते, आणि तिला काय सापडले हे पुढच्या पिढीच्या अभियंत्याच्या टेबलावर क्वचितच पोचते. ज्या व्यवसायात स्वतःची चूक दिसायला वीस वर्षे लागतात, तिथे दुसऱ्याची चूक दडवून ठेवणे परवडत नाही.

यातल्या पहिल्या पावलाला कायदा लागत नाही, समिती लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. मालकाने तसे ठरवावे लागते. अभियंत्याच्या सहीकडून आपण पन्नास वर्षांची हमी मागतो. ती देता यावी म्हणून आठवड्याचे दोन तास त्याला मिळणे ही सवलत नाही, त्या हमीच्या किमतीतलाच तो एक भाग आहे आणि तो इमारतीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरला गेला पाहिजे.