फोटोची पाठ

आमचा फोटोंचा अल्बम कपाटात आईच्या शालूखाली असायचा. काळ्या जाड कागदाची पानं, मधे बटर पेपर आणि प्रत्येक फोटोला चार तिकोनी कोपरे. ते कोपरे जिभेवर ओले करून चिकटवायचं काम माझं. डिंकाची ती चव अजून तोंडात आहे. अल्बम घेताना वडील दुकानदाराला एवढंच विचारत: दोरी सोडून पानं वाढवता येतील का? ३६ फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा, त्यामुळे एक अल्बम चार-पाच वर्षं सहज जाई.

फोटो लावण्याआधी आई तो पालथा घालायची आणि पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहायची: गाव, महिना, डावीकडून कोण कोण. पेनने नाही, पुढे वळ उमटतो म्हणून. पुढे कधी वाद झाला की फोटो कोपऱ्यांतून अलगद सोडवायचा, पाठ वाचायची, परत अडकवायचा.

मग चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम आले. दिसायला झकास. पण त्यातला फोटो काही वर्षांनी काढायला गेलं की फाटायचा. पाठीवरचं अक्षर आतच राहिलं.

आता माझ्या कॉम्प्युटरवर ४० हजारांच्या आसपास फोटो आहेत आणि अल्बम म्हणजे सॉफ्टवेअर. गूगलने २००४ मध्ये पिकासा विकत घेऊन फुकट देऊन टाकलं, तेव्हा आमच्यासारख्यांची दिवाळीच झाली. २००९ पासून ते चेहरेही ओळखू लागलं. माझा पाच वर्षांचा भाऊ आणि त्याचा मुलगा हे दोघे त्याच्या मते एकच. (आत्याचंही हेच मत होतं.) २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं.

त्यानंतर मी आणखी एक प्रोग्रॅम धरला. त्याचं नाव घेत नाही. दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या घालवून त्यात नावं भरली. कॉम्प्युटर बदलला, सगळे फोटो नव्या डिस्कवर आले, नावं मात्र एकही आलं नाही. ती त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत होती आणि वही मी जुन्या मशिनवरच पुसून टाकली. चूक माझी. चिकट पानांवरून काही शिकलो नव्हतो.

म्हणून आता सॉफ्टवेअर निवडताना वडिलांसारखा एकच प्रश्न विचारतो: लिहिलेलं नाव फोटोच्या फाइलमध्ये जातं का? एका फोटोला नाव द्यायचं, तो पेनड्राइव्हवर घालून भाच्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडायचा. नाव दिसलं तर पास. लाइटरूम उत्तम आहे, पण दरमहा भाडं. ते स्वतः फोटोग्राफी करणाऱ्यांनी भरावं. मी डिजिकॅमवर थांबलो. फुकट, कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. मांडणी किराणा दुकानाच्या मागच्या खोलीसारखी: सगळं आहे, पण शोधावं लागतं. सेटिंगमध्ये मात्र टिचकी मारली की नावं, मथळे फोटोतच लिहिले जातात.

तारखांचा घोळ वेगळाच. डिजिटल कॅमेरा तारीख फोटोतच टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ती गळून पडते. जुना फोटो स्कॅन केला की स्कॅनची तारीख लागते, त्यामुळे आजी-आजोबांचं लग्न बरेच दिवस २०११ सालात होतं. ते हाताने दुरुस्त केलं.

आणि पहिले तीनशे फोटो मी फक्त पुढून स्कॅन केले होते! आता पुन्हा एकेक काढून पाठही स्कॅन करतो, आईची पेन्सिल वाचून मथळ्यात टाइप करतो. एका फोटोत वडिलांच्या शेजारी पगडीवाले गृहस्थ उभे आहेत. डिजिकॅमने त्यांच्या तोंडाभोवती चौकोन काढून नाव मागितलं. पाठीवर आईने सगळ्यांची नावं लिहिली आहेत. या गृहस्थांच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह आहे. मीही तेच टाइप केलं.