टोपलीशी मैत्री

मैत्रिणींनो, घरात मांजर असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, दवाखान्याची टोपली काढली की बाईसाहेब पलंगाखाली! इकडे माझी दुपारची शाळा, तिकडे मनीची दडी. म्हणून आमच्याकडे टोपली माळ्यावर जातच नाही. बारा महिने उघडी, आत माझ्या अंगावरची जुनी साडी अंथरलेली. माशाचा तुकडाही तिथेच मिळतो. निघताना शेपटीकडून अलगद आत सरकवते, वरून पंचा टाकते. अंधारात ती गप्प बसते.

एवढा खटाटोप कशाला म्हणाल, तर पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस हवीच, पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा. घरात मुलं खेळतात ना! शिवाय बोक्याची लघवी अडली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्या वेळी टोपली ओळखीची नको का?