निमोचं नाक

'फाइंडिंग निमो'मध्ये हरवलेल्या पिल्लासाठी बाप समुद्र पालथा घालतो. खऱ्या क्लाउनफिशच्या पिल्लांचं नशीब एवढं थोर नसतं. अंड्यातून बाहेर पडली की ती उघड्या समुद्रात जातात आणि दहा-बारा दिवसांनी आपलं आपण घर शोधत प्रवाळांकडे येतात. त्यात वासाचा मोठा आधार असतो.

२००९ आणि २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या फिलिप मंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध आले. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो समुद्रात विरघळतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. या शतकाअखेर पाणी जसं होईल असा अंदाज आहे, तशा पाण्यात वाढवलेली पिल्लं म्हणे शिकारी माशाच्या वासाकडेच ओढली जात होती! गोष्टच अशी, की एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. मी तर घरी भाचेकंपनीला कितीदा सांगितली असेल.

मग जानेवारी २०२० मध्ये 'नेचर'मध्ये टिमोथी क्लार्क आणि मंडळींचा निबंध आला. तीन वर्षं, सहा जातींचे नऊशेहून जास्त मासे, आणि निष्कर्ष काय? पाणी आम्लाकडे झुकल्याने वागण्यावर जवळजवळ काहीच परिणाम नाही. मंडे यांच्या गटाला हे मान्य नव्हतं. पण २०२२ मध्ये ९१ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की सुरुवातीचे ठळक परिणाम वर्षागणिक विरत गेलेत आणि मोठे परिणाम बहुतेक मोजक्या माशांवरच्या प्रयोगांतले आहेत.

गंमत बघा, पिल्लांचं नाक शाबूत आहे ही खरं तर आनंदाची बातमी. तरी वाचून मला जरा वाईटच वाटलं. आवडती गोष्ट हातातून गेली ना! भीतीसुद्धा आपल्याला किती प्रिय असते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळंच थोतांड. तसं नाही हो. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. आकडा चिमुकला दिसतो, पण आम्लता सुमारे ३० टक्के वाढली. २००७ च्या सुमारास अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत कालवांची पिल्लं याच कारणाने मरत होती, त्यांना शिंपले घडवणंच जमेना.

भाच्यांना आता कालवांची गोष्ट सांगायची म्हणतोय. तिच्यात ना शत्रू, ना पाठलाग. मुलं ऐकतील का, कोण जाणे. असो.