आधी नाडी बघा

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणकार गिऱ्हाईक घोडा किती पळतो हे नंतर विचारते. आधी त्याचे तोंड उघडून दात पाहते, खूर उचलून बघते. गाडीच्या बाबतीत मात्र आपण आधी दौड विचारतो.

आमच्या घरातल्या मुलांच्या तोंडी हल्ली एकच शब्द आहे, रिमॅप. इंजिनाला डिझेल किती आणि केव्हा द्यायचे हे ठरवणारा छोटा संगणक गाडीत असतो. त्याच्यातली मांडणी बदलायची, म्हणजे टर्बोचा दाब वाढतो, डिझेल जास्त जाते आणि गाडी जोरात ओढते. आमची गाडी २०१२ सालची डिझेल स्विफ्ट, मीटरवर २ लाख १४ हजार किलोमीटर. इंजिन १२४८ सीसीचे, मूळ रचना इटलीच्या फियाटची. मारुतीने २०२० सालापासून डिझेल गाड्या काढणे थांबवले, तेव्हा हीच सांभाळायची असे घरात ठरलेले. हिच्यातूनच आम्ही अब्बांना आठवड्यातून दोनदा तळोद्याहून नंदुरबारला डायलिसिससाठी नेतो. धडगावला दिलेल्या लेकीकडे जायचे तर चांदसैलीचा घाट. तिथे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर रडायची आणि मागे काळा धूर सोडायची.

भाचा म्हणाला, "मामू, वीस हजारांत वीस-पंचवीस घोडे वाढतात."

अब्बा खाटेवरून म्हणाले, "आधी आहेत ते जिवंत आहेत का, ते बघ."

आम्ही गाडी मिस्तरींकडे रात्रीच नेऊन ठेवली, कारण डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव सकाळी थंड असताना कळतो. पहिल्या सेल्फला सुरू होते का, क्षणभर तीनच सिलिंडरवर थरथरते का, धूर कसला येतो, हे सगळे पहिल्या दोन मिनिटांत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही जात नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आमचा काळाच होता.

मग मिस्तरींनी चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून हात धरला. आतून जोराचा फुत्कार आला तर त्याला ते बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा आणि बोअर झिजल्याची ती खूण. आमच्याकडे किंचित वाफ होती, तेवढी या वयाला चालते. तरी त्यांनी ग्लो प्लग काढून गेज लावलाच. तीन सिलिंडर २६ ते २७ बार, एक २५. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, हे ते पाहत होते. इंजिनाचे पोट मजबूत निघाले, अल्हम्दुलिल्लाह.

रोग दुसरीकडे होता. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि गाडी चालू ठेवली. तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली. शिवाय टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला. दाबाची हवा वाटेतच सांडत होती. टर्बोचा दांडा हलवून पाहिला, तो घट्ट होता. क्लच मात्र चौथ्या गिअरवर जोर देताच सरकू लागला.

मिस्तरींनी भाच्याला बाजूला बसवून समजावले. या अवस्थेत डिझेल वाढवले तर गळके नोझल एकाच पिस्टनवर आग ओतेल. मेच्या उन्हात, घाटात, गाडी भरलेली असताना पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. आणि वाढलेली ओढ क्लच चाकापर्यंत पोचूच देणार नाही. आम्हाला आणखी एक चिंता होती, ती कागदांची. आरसीवरील नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

नोझल नंदुरबारला पंपवाल्याकडून दुरुस्त करून आणले, पाइप नवा टाकला, एअर फिल्टर बदलला. रिमॅपच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. पुढच्या जुम्म्यानंतर सहा माणसे घेऊन धडगावला गेलो, तर चांदसैलीच्या बऱ्याच चढांवर गाडी तिसऱ्या गिअरवर राहिली. धूर नाही. जी ताकद बाहेरून विकत आणायची होती, तिच्यातली बरीचशी गाडीचीच होती, वाटेत गळत होती.

क्लच प्लेटचे काम ईदनंतर काढले आहे. भाच्याने नाद पुरता सोडलेला नाही. परवा तो मिस्तरींना विचारत होता, नवी प्लेट किती टॉर्क सोसेल म्हणून.