साथीतील सेवकवर्ग आणि त्याची रजा

नगरहून करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना वाटेत तिसगाव लागते. मढीच्या कानिफनाथांस आणि वृद्धेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंचा या मुलखात नित्य राबता असतो. शिवाय तालुक्यातील असंख्य कुटुंबे दिवाळी सरताच कोयता घेऊन ऊसतोडणीस परमुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा ठिकाणी रोग कोणत्या वाटेने गावात येतो, याची चर्चा साथीच्या काळात पुष्कळ होते. प्रतिबंधक वैद्यकाच्या अभ्यासामुळे या भागातील आरोग्यकेंद्रांशी माझा दीर्घकाळ संबंध आला. आणि माझ्या मते रोगाच्या वाटेहून निकडीचा प्रश्न असा की, रोग केंद्राच्या उंबऱ्याआत आल्यावर तेथे सेवा करणाऱ्या माणसांत तो कसा पसरतो, आणि त्यांच्यामार्फत पुन्हा घरोघर कसा पोहोचतो.

हा प्रश्न नवा नाही. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगास यांनी प्लेग ओळखला, आणि 1897 च्या जानेवारीत ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅन्सर व त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका अशी दोघेही त्याच रोगाने दगावली. काखेत वा जांघेत गाठ न येताही प्लेग थेट फुप्फुसात उतरतो व श्वासावाटे दुसऱ्यास होतो, हे वैद्यकास नीट उमगले ते याच सुमारास, मुंबईतील डॉ. चाइल्ड यांच्या शवविच्छेदनांवरून. त्याच वर्षीच्या 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता प्लेगनेच गेल्या. पुढे 1994 साली आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या भीतीने लोकांनी शहर सोडले. त्यांत काही खासगी डॉक्टरही होते. त्यांना भ्याड ठरवून विषय मिटत नाही. ज्याच्या जिवाचा बंदोबस्त कोणी केलेला नाही, त्याच्या धैर्यावर साथीचा कारभार चालवू पाहणे हीच मूळ चूक होय.

9 मार्च 2020 रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोनाबाधित आढळले; नगरमध्ये मुक्तिफौजेच्या बूथ रुग्णालयाने आरंभीच या रुग्णांसाठी आपली दारे उघडली, ही गोष्ट जिल्ह्याने कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे. एप्रिलच्या प्रारंभी मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात 26 परिचारिका व 3 डॉक्टर बाधित निघाले आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस, क्वचित चौदा दिवस लागतात, आणि लक्षणांच्या एकदोन दिवस आधीपासूनच मनुष्य रोग पसरवू लागतो. त्यामुळे ताप आल्यावर सावध होणे हे उशिरा सावध होणे ठरते. 15 मे 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेल्या सूचनेत संपर्काची अधिक जोखमीचा व कमी जोखमीचा अशी विभागणी करून, पहिल्या वर्गातील सेवकासच विलग करावे व दुसऱ्याने लक्षणांवर नजर ठेवून काम चालू ठेवावे, असे सांगितले होते. ही विभागणी शहाणपणाची होती, कारण जेथे मोजकीच माणसे तैनात असतात तेथे सरसकट सर्वांना चौदा दिवस घरी बसवले तर प्रसूतिगृहास कुलूप लागते.

परंतु लागण नेमकी कोठे होते? रुग्णाच्या खाटेशी सेवक सावध असतो. नगरच्या वैशाखात तासन्‌तास संरक्षक पोशाखाचे किट घालून घामाने निथळलेला, तहानेने व्याकूळ झालेला मनुष्य तो पोशाख उतरवताना मात्र घाई करतो, मास्कला पुढच्या बाजूने हात लावतो, हात धुण्याचे विसरतो. त्याहून मोठा धोका पोशाख उतरल्यानंतरचा. चहाच्या खोलीत डबे उघडून, मुखपट्टी काढून, सोबत्यांशी चार शब्द बोलत बसण्याची ती वेळ. रात्रपाळीची बंद खिडक्यांची विश्रांतीची खोली. रुग्णवाहिकेत चालकाशेजारची जागा. म्हणून मी केंद्रांना भेट देताना किटचा साठा नंतर पाहत असे आणि चहाची खोली आधी. तीत खिडकी आहे काय, जेवणाच्या वेळा वाटून दिल्या आहेत काय, दोन तुकड्या एकमेकींत मिसळतात काय, याची चौकशी करी. एका तुकडीत रोग शिरला तरी दुसरी शाबूत राहावी, यासाठी परिचारिका, औषधनिर्माता, शिपाई व सफाई कामगार या सर्वांची वाटणी आधीच करून ठेवावी लागते. डॉक्टरांपुरती केलेली वाटणी निरुपयोगी.

येथेच माझे मुख्य म्हणणे येते. रोज सकाळी हजेरीपटावर सही घेताना प्रत्येकास ताप, खोकला, अंगदुखी आहे काय, असे विचारण्याचा प्रघात सर्वत्र पडला. पण जिचा रोज कंत्राटदाराकडून मिळतो आणि खाडा झाला की कापला जातो, ती सफाई करणारी बाई या प्रश्नास खरे उत्तर कशाच्या बळावर देणार? ती अंगदुखीची गोळी घेते आणि फरशी पुसायला लागते. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे, आणि त्यात तिची कसूर यत्किंचितही नाही. कामावर आधारित मोबदला घेणाऱ्या आशाताईंची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. सरकारने मृत्यूनंतर 50 लाखांच्या विम्याची तरतूद केली, ती योग्यच केली. 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा दिल्लीत पहिली लस एका सफाई कामगारास देण्यात आली, हेही उचित झाले. तथापि साथ रोखण्यास विम्याहून अधिक उपयोगी असते ती आजारपणातील पगारी रजा, कारण जिला रजा मागण्याची भीती नाही तीच आपला आजार पहिल्या दिवशी सांगते, आणि पहिल्या दिवशी कळलेला आजारच आटोक्यात ठेवता येतो.

तेव्हा ज्या वाचकांचा आपल्या गावच्या आरोग्यकेंद्राच्या रुग्ण कल्याण समितीशी, ग्रामपंचायतीशी वा जिल्हा परिषदेशी काही संबंध असेल, त्यांना माझी विनंती आहे की, पुढील साथीची वाट न पाहता येत्या बैठकीतच कंत्राटी सेवकांच्या आजारपणातील रोजासाठी स्वतंत्र तरतुदीचा ठराव मांडावा आणि तो दप्तरी दाखल करून घ्यावा.