मोहाखालची राख

साकोलीकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावात जुन्या पावसाच्या खुणा शोधायला चिखलाचा नमुना घ्यायचा तर उन्हाळा हवा. तळ भेगाळला की आम्ही नळी घेऊन उतरतो. आधी पाळीवरच्या म्हाताऱ्यांना विचारते, गाळ कुठून उपसला? उपसलेल्या जागेचा इतिहास धानाच्या बांधीत गेलेला असतो.

चिखलाची कांडी सेंटीमीटरागणिक कापायची, तीही प्लॅस्टिकच्या चाकूने. लोखंडाचा कणही चालत नाही. एकदा दोन फुटांवर ससेप्टिबिलिटीचा, म्हणजे चिखल किती चुंबकीय आहे त्याचा आकडा एकदम चढला. महापूर सापडला म्हणून मी दोन दिवस हरखले होते. ती नळीच्या गंजाची खपली निघाली.

जोराचा पाऊस उतारावरची माती खरडून आणतो, तिच्यातलं मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज तळाशी बसतं आणि आकडा वाढतो, असं आम्ही शिकलो. पण तलाव वर्षानुवर्षं तुडुंब राहिला, पाला सडून तळातला प्राणवायू संपला, की बारीक मॅग्नेटाइट विरघळतं. तेव्हा भरपूर पाण्यानेच आकडा खाली येतो.

आणि मोह! फुलं वेचायला सोपं जावं म्हणून चैत्रात झाडाखालचा पाला जाळतात. त्या धगीत मातीतल्या लोहाचं मॅग्नेटाइट होतं, आणि मृगाच्या सरींबरोबर ते तलावात उतरतं. यंत्राला पाऊस कोणता आणि आग कोणती ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक नमुना 465 आणि 4650 हर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर मोजते. दोन आकड्यांतला फरक अतिसूक्ष्म कण किती ते सांगतो. असे कण ओल्या-सुक्या ऋतूंत मुरलेल्या मातीत तयार होतात, आणि जळलेल्या मातीतही. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाचे कण मोजायचे. कोळसा भरपूर असेल तर त्या थराच्या नावे मी पाऊस लिहीत नाही.

कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव काही शतकांचे. त्याआधीचा पाऊस शोधायला लोणार सरोवर आहे. तिथल्या गाळात आजपासून 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे दोन लांबलचक कोरडे काळ सापडले. इथला गाळ त्या कोरड्या काळांनंतरची शतकं सांगू शकतो, म्हणून त्याचा एक हातही वाया गेलेला मला सोसत नाही.

परवा गाळ न्यायला पाळीवर ट्रॅक्टर उभा होता. "बाई, आमचं धान तं याच गाळावर होते जी," बाबाजी म्हणाले. खरंच होतं ते. मी फक्त पूर्वेचा कोपरा मागितला. त्यांनी तिथे पळसाची फांदी रोवली आणि ड्रायव्हरला हाताने लांब व्हायची खूण केली.